बकरीशी बोलणे : वगळा

"मी माह्या पोरीसंग बोलत नाही, हे कोणं लिवलं?"

बाई दारातच उभी होती. कडेवर पोर, पोरीचा अंगठा तोंडात, आणि दुसऱ्या हातात दुधाच्या रिकाम्या पिशवीत घडी घालून ठेवलेला कागद. भैरवीने कानावरचे हेडफोन खाली घेतले. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आज मंगळवार आहे, लोकांनी भेटायची वेळ शुक्रवारी तीन ते पाच आहे, दारावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, वाचत का नाहीत. मग तिच्या लक्षात आलं की बाई वाचूनच आली आहे. फुलसावंगीच्या पुढच्या तांड्यावरून पहाटेची गाडी धरून, महागावला गाडी बदलून, पोर कडेवर घेऊन ती यवतमाळपर्यंत आली होती, ती एक कागद वाचून. कागद भैरवीला उघडायची गरज नव्हती. असे त्रेचाळीस कागद तिने स्वतः छापले होते. तरी तिने तो उघडला. घर क्रमांक २१७. बालकाशी थेट संभाषण : अत्यल्प. मातेचा सहभाग : अत्यल्प. तिसऱ्या वर्षी अपेक्षित शब्द : एकेचाळीस. गट : लाल. खाली सही होती. भै आणि त्यापुढे एक लांब, फुशारकी मारणारी रेघ. सही तिचीच होती.

"मी लिहिलं," ती म्हणाली.

"तुमी आल्या होत्या आमच्या घरी. चहा पेल्या होत्या."

"हो."

"मंग?"

या 'मंग'ला काय उत्तर द्यायचं ते कुठल्याच नियमावलीत नव्हतं. भैरवीला राग आला. बाईचा आला. सगळ्यात जवळ तीच उभी होती. आता हिला कोण समजावणार, की बाई गं, हे मी नाही लिहिलं, हे तान्ह्याने लिहिलं. तान्हा म्हणजे पुण्याच्या एका संगणकात असलेलं बाळ. हात नाहीत, पाय नाहीत, शी-शू नाही, नुसते कान. दोन वर्षांपूर्वी मंदारने, म्हणजे या प्रकल्पाच्या पुण्यातल्या प्रमुखाने, तिला पहिल्यांदा त्याच्याबद्दल सांगितलं तेव्हा ती अक्षरशः हरखली होती. काहीच माहीत नसलेला एक प्रोग्रॅम घ्यायचा, आणि खरं बाळ दिवसभर जे ऐकतं ते सगळं त्याला ऐकवायचं. मग बघत बसायचं, तो कुठला शब्द आधी उचलतो, कुठल्या शब्दावर अडतो, एकच शब्द कितीदा ऐकला की तो त्याचा होतो. माणूस नवा शब्द कसा शिकतो हे कोणालाच नीट माहीत नाही, भैरवी, आपण निदान खिडकीतून डोकावू, असं मंदार म्हणाला होता. तीनशे बारा घरं. सकाळी पोराच्या अंगात मुद्दाम शिवून घेतलेली बंडी घालायची, बंडीच्या खिशात काड्यापेटीएवढा रेकॉर्डर. संध्याकाळी काढून घ्यायचा. मग आर्णी रोडवरच्या या दोन खोल्यांत, खाली टायरचं दुकान आणि वर हे, पाच जणींनी बसून त्या आवाजाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यावर एक शिक्का मारायचा. मूल. मोठे. प्राणी. गोंगाट. 'मूल' म्हणजे मुलाशी बोललेलं. तेवढंच तान्ह्याला भरवायचं. बाकीचं वगळा. तान्ह्याने आज काय खाल्लं गं, असं त्या एकमेकींना विचारायच्या, हसायच्या. पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं की तान्ह्याला उलटंही चालवता येतं, कुठल्या घरातलं पोर तीन वर्षांचं झाल्यावर किती शब्द बोलेल हे तो आधीच सांगू शकतो. अभ्यास होता त्याचा निकाल झाला. हिरवा, पिवळा, लाल.

"बसा," भैरवी म्हणाली. "पाणी घ्या."

"बसाले नाही आली मी. येत्या रविवारी ननंद येऊन राह्यली पुसदहून. पोरीले घेऊन जाते म्हणे. तिच्या घरी सारे मास्तर हायेत, तिथं पोरगी बोलाले शिकन म्हणे."

"कोण म्हणालं?"

"माहा मालक. हरिसिंग. त्यानं कागद चार लोकाईत वाचला. मोठ्यानं वाचला. वाचून मले म्हणते, तू मुकी असती तं समजलं असतं."

पोर आईच्या खांद्यावरून माठाकडे बघत होती. कागदोपत्री नाव प्रेरणा. दोन वर्षं दहा महिने. भैरवीला ती आठवली, म्हणजे तिचं न बोलणं आठवलं. चारच महिन्यांपूर्वी भैरवी चाचणीसाठी त्यांच्या अंगणात बसली होती, चित्रांचे पत्ते घेऊन. हे काय? हे काय आहे सांग? पोरीने मागे वळून पाहिलं होतं. प्रत्येक पत्त्याला. हे काय, आणि पोर मान वळवून मागे बघायची, जणू तिच्या पाठीमागे कोणी उभं आहे आणि प्रश्न त्याला आहे. भैरवीने रकान्यात लिहिलं होतं : लक्ष नाही. पत्ते वीस, उत्तरं शून्य. संध्याकाळी मंदारचा फोन आला होता, आवाजात नुसतं तूप. बघ, तान्हा म्हणाला कमी, आणि निघालं कमी.

"लालीबाई, खरं सांगा. तुम्ही तिच्याशी बोलता ना?"

"बोलतो तं. दिवसभर बोलतो. वावरात बोलतो, चुलीपाशी बोलतो."

"मग त्या यंत्रात का नाही आलं?"

आत्तापर्यंत सरळ डोळ्यांत बघणारी लालीबाई तशी बघेनाशी झाली. पोरीला तिने या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"ते नाही सांगता येत."

"नाही सांगता येत म्हणजे?"

"नाही सांगता येत म्हंजे नाही सांगता येत. तुमच्या डब्यात हाये ना आवाज? तुमीच आयका. कागद बदलून द्या. चारच्या गाडीनं जातो मी."

आणि ती माठाखालच्या बाकावर जाऊन बसली, उठणार नाही अशी.

भैरवीने २१७ उघडलं. नऊ तास अकरा मिनिटं. हे घर तिने स्वतःच तपासलं होतं, कारण त्या घरात गोर, म्हणजे बंजारा बोली, आणि वऱ्हाडी एकाच वाक्यात येतात आणि बाकीच्या मुलींना ते जमेना. दोन वर्षांत तिला ती बोली बऱ्यापैकी उमगायला लागली होती, याचा तिला अभिमान होता. अभिमान. नऊ तासांतले अडतीस शब्द तिने 'मूल' म्हणून बाजूला काढले होते. दुप्पट वेगाने ऐकून. सगळ्या दुप्पट वेगानेच ऐकायच्या, नाहीतर तीनशे बारा घरं संपली नसती. आज तिने वेग खाली आणला, आणि जागोजागचे तुकडे उघडत गेली. एकपट. माणसाचा वेग. कोंबडे. भांडी. सासूचा, मथुराबाईचा खोकला. बादली. मग लालीबाईचा आवाज, इतका जवळ की बंडीच्या खिशावर ओठ ठेवून बोलतेय असं वाटावं. ए छेळी, उठली का? छेळी म्हणजे बकरी. प्राणी. वगळा. ए छेळी, डोळे किती चिकटले तुहे, थांब पुसून देतो. प्राणी, वगळा. ए छेळी, हा पाय दे. आता तो पाय दे. बाही आली का? डोकं काढ. दिसली, दिसली माही छेळी.

भैरवीने थांबवलं. मागे नेलं. बाही.

बकरीला बाही?

ए छेळी, बाटी खाय. इतकुसा घास. हा चिमणीचा. हा कावळ्याचा. ए छेळी, अंगठा काढ तोंडातला, दात वाकडे येतील. प्राणी, प्राणी, प्राणी. दुपारी वावर. कपाशीच्या ओळींतून बायका पुढे सरकतायत, बोंडातून कापूस ओढल्याचा तो कोरडा आवाज, पोर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, झोळीत, आणि लालीबाई ओळीच्या टोकाला आली की झोळीपाशी थांबून म्हणते, ए छेळी, हे पाह्य, हे बोंड. हा कापूस. मऊ हाये का? गालाले लाव. हे पान, पानावर किडा, किडा चावते, हात नको लावू. आणि मध्ये मध्ये एक बारीक आवाज, बोन, बोन, किया. त्या बारीक आवाजावरही भैरवीचा शिक्का होता. बडबड, प्राण्याला उद्देशून, वगळा. वावरात बकरी नव्हतीच. एकदाही ओरडली नाही ती. नऊ तासांत बकरीचा आवाज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. मधले सात तास एक बाई नसलेल्या बकरीशी बोलत होती आणि भैरवी नावाची पदव्युत्तर स्त्री ते दुप्पट वेगाने ऐकत, बकरी, बकरी, बकरी असे शिक्के मारत होती. आणि ते अडतीस शब्द? त्यातले सात एका दमात होते. सरक, सरक, माय वो, विस्तव हाये, सरक. पोर चुलीपाशी गेली असणार. तेवढ्या वेळी बाईला बकरी सुचली नव्हती. त्यानंतर पोरीचं रडणं, आणि लालीबाईचं एकच, बाई माही. बाई माही. मग मथुराबाईचा आवाज, दातांतून दाबलेला. बकरीले बोल. दोन गेले ते पुरले नाहीत का तुले? तीन वरसं भरू दे. तवर नाव नाही अन् तोंडावर बोलणं नाही. अन् कोणाले सांगत बसू नको, सांगतलं का मोडलं.

हे वाक्यही तिने ऐकलेलं होतं. या वाक्यावरही शिक्का होता. मोठे. वगळा.

दोन गेले. म्हणजे या पोरीआधीची दोन पोरं. भैरवीने बाकाकडे पाहिलं. लालीबाई तिच्याकडे बघत नव्हती. पोरीच्या पायातली सुटलेली चप्पल तिने उचलली, घातली, आणि ओठ हलले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. पण ती कोणाशी बोलली ते दिसलं. माठाशी.

राग आता नवीन नव्हता, तो जुनाच होता, त्याला फक्त आता बसायला जागा मिळाली. समोरच्या भिंतीवर नियम चिकटवले होते, प्लास्टिकच्या कागदात. नियम सात. प्राणी, देव, टीव्ही आणि फोन यांच्याशी बोललेले शब्द मोजू नयेत. पुण्याहून आलेल्या नियमात देव नव्हता. देव तिने घातला होता, स्वतःच्या बुद्धीने, आणि मंदारने शाबासकी दिली होती, स्थानिक माणूस असण्याचा हाच फायदा, म्हणून. तिला देव कुठून सुचला होता? देव तिला बालाजी सोसायटीतल्या घरातून सुचला होता, जिथे तिची आई, रजनी, रोज सकाळी देवघरात बसून देवाला सांगायची, देवा, माणसाने किती वेळ घोरावं, देवा, घरात गॅस संपलाय हे बायकोनेच बघायचं का, देवा, मी सात वर्षं माहेरी गेलेले नाही हे कोणाच्या लक्षात आहे का रे. देव ऐकायचा की नाही कोण जाणे. शेजारच्या खोलीत पेपर धरून बसलेले बाबा ऐकायचे. आणि बाबा, सिंचन खात्यातले मुख्य लिपिक कमलाकर, आईला काही सांगायचं तर भैरवीला बोलवायचे. आई तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभी. तुझ्या आईला सांग, आम्ही बेजबाबदार माणसांना जाब विचारत नाही. आठ वर्षांची भैरवी वळून म्हणायची, आई, बाबा म्हणतात आम्ही बेजबाबदार माणसांना. बेजबाबदार. जाब. माहेर. कोंडमारा. फारकत. तिचे सगळे जड शब्द असे आले होते, दुसऱ्याच्या अंगावर फेकलेले, तिने मधल्यामधे झेललेले. एकही तिच्यासाठी नव्हता. बंडीच्या खिशात तेव्हा रेकॉर्डर असता तर

घर क्रमांक शून्य. सदस्य तीन.
देवाशी बोललेले : वगळा.
निरोप : वगळा.
बालकाशी थेट संभाषण :

तर तान्ह्याने तिला एकेचाळीससुद्धा दिले नसते. आणि ती भाषाशास्त्रात पहिली आली होती. विद्यापीठात. तिला हे माहीत होतं. जगात तिच्याइतकं हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि तिनेच नियमात देव घातला.

एक वाजला होता. बाबांच्या जेवणाची वेळ. तिने लालीबाईला डब्यातली पोळी देऊ केली, तिने पदराखालची फडक्यात बांधलेली भाकरी दाखवली. भैरवी खाली उतरली, गाडी काढली, घरी आली. बाबा टीव्हीसमोर. आई जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून निरोप पोचवायला माणूस उरलं नव्हतं, म्हणून ते टीव्हीशी बोलायचे. ती चपला काढत असताना ते बातम्या देणाऱ्या मुलीला म्हणाले, "काही घरांत साडेबाराला जेवतात म्हणे."

तिने वरण गरम करायला ठेवलं.

"वरणात कोणी मीठ घालतं, कोणी विसरतं. ज्याचं त्याचं नशीब."

तिला एक क्षण वाटलं, क्षणभरच, की कोण जाणे, हेही तसंच असेल. हेही कोणाला तरी वाचवायला असेल, आपल्याला दृष्ट लागू नये म्हणून या माणसाने सदतीस वर्षं आपल्याकडे न बघता... नाही. तिने तो विचार तिथल्या तिथे ठेचला. लालीबाई बकरीचं नाव घेते आणि हात पोरीच्या गालावर असतो. इथे हात रिमोटवर होता. दोन्हींवर एकच शिक्का बसतो म्हणून दोन्ही एकच होत नाहीत, आणि हे तान्ह्याला कळत नाही हे ठीक आहे, तो यंत्र आहे, पण शिक्का मारणाऱ्या बाईला कळू नये? तिने टीव्ही बंद केला. खुर्ची ओढली आणि पडद्याच्या पुढ्यात, बातम्या देणारी मुलगी जिथे होती तिथे बसली.

"बोला बाबा."

ते कॅलेंडरकडे बघायला लागले. ती उठली, खुर्ची कॅलेंडरसमोर नेली.

"वरणात मीठ कमी आहे. बोला. भैरवी, मीठ कमी आहे. चार शब्द आहेत."

कमलाकर ऐंशीचे होते आणि ही मुलगी आज वेड्यासारखी घरभर खुर्ची फिरवत होती. त्यांनी ताट पुढे ओढलं आणि मिठाशिवाय जेवले, शेवटच्या शितापर्यंत. जिंकलं कोणीच नाही. तिने भांडी घासायच्या ऐवजी बेसिनमध्ये आपटली आणि निघाली.

मंदारला तिने जिन्यातूनच फोन लावला, टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या आवाजात.

"दोनशे सतराची नोंद चुकली आहे. बदलायची आहे. आज."

"अगं भैरवी, यादी गेली. तालुक्याला गेली, अंगणवाड्यांना गेली. आता एका घरासाठी..."

"त्या घरात दिवसभर पोरीशी बोलतात. मी चुकीचे शिक्के मारले."

"किती तुकडे?"

"बावीसशे."

तो हसला. वाईट हसला नाही, मित्रासारखा हसला. "बावीसशे चुका कोणी करत नाही. आणि चाचणी? चाचणीत शून्य आले ना तिला? तान्हा एक म्हणतो, चाचणी तेच म्हणते."

"मोजणारा बहिरा आणि तपासणारा पण बहिरा असेल तर दोघांचं जुळणारच, मंदार. त्यात काय मोठं?"

"बरं. मग कारण दे. नियम वाकवायला कारण लागतं. काय वेगळं आहे त्या घरात? काही प्रथा वगैरे आहे का? दोन ओळी लिही, मी परिशिष्टात टाकतो. खरंच सांगतो, असं काही असेल तर फार सुंदर आहे ते. त्यावर स्वतंत्र निबंध होईल. तुझं नाव पहिलं."

शब्द तिच्या जिभेवर तयार होते. दोन ओळी. दोन ओळींत सगळं मिटलं असतं, पोर आईकडे राहिली असती, मंदारचा निबंध झाला असता, तिचं नाव पहिलं. आणि तो कागदही कोणी तरी चार लोकांत मोठ्याने वाचला असता. दोन महिने राहिले होते तीन वर्षांना. सांगतलं का मोडलं. भैरवीचा यावर काडीइतका विश्वास नव्हता. उलट तिला मथुराबाईचा राग आला होता, त्या दोन गेलेल्या पोरांना वेळेवर दवाखाना न मिळालेल्या रस्त्याचा राग आला होता, आणि मग मरणाला फसवायला एका बाईच्या तोंडाशी बकरी बांधली याचा. पण विश्वास तिचा असायची गरजच नव्हती. लालीबाई हे सांगून कागद बदलून घेऊ शकत होती. तांड्यावर सांगून नवऱ्याचं तोंड बंद करू शकत होती. तिने सांगितलं नव्हतं. पोर हातची जात असताना तिने दात आवळून ते आत ठेवलं होतं, कारण बाहेर काढलं तर पोर पुरतीच जाईल असं तिला वाटत होतं. आणि ते आता भैरवीने परिशिष्टात टाकायचं.

"कारण नाही," ती म्हणाली.

"मग मला बदलता येणार नाही."

"मग मी बदलते."

"भैरवी, तू असं काही केलंस ना, तर मला तुला ठेवता येणार नाही. मी स्पष्ट सांगतो."

"सांग. एरवी कोण कोणाशी स्पष्ट बोलतं?"

तिने फोन बंद केला आणि संगणकावर बसली. २१७. प्राणी या शिक्क्याचे सगळे तुकडे निवडले. बावीसशे सहा. एका कळीवर ते सगळे 'मूल' झाले, निमिषात, इतक्या सहज की तिला पुन्हा राग आला, एवढंच होतं तर. सकाळ-संध्याकाळचे खऱ्या बकरीशी बोललेले असतील चार-सहा, तेही जाऊ देत त्यात. असू दे त्या पोरीला दोन बकरीचे शब्द जास्त. मग तिने प्रकल्पाचा छापील कागद घेतला आणि हाताने लिहिलं; छापलेल्यापेक्षा हाताने लिहिलेलं तांड्यावर लोकांना खरं वाटेल की खोटं, हे तिला ठरवता येईना. घर क्रमांक २१७. या घराची नोंद करताना माझ्या हातून चूक झाली. आई लालीबाई आपल्या मुलीशी दिवसभर बोलते, मी स्वतः नऊ तास ऐकलं आहे. मुलगी बोलते. चाचणी चुकीची घेतली गेली. आधीचा कागद रद्द. घरातल्या कोणाचाही दोष नाही, दोष माझा. खाली सही. या वेळी रेघ ओढली नाही. गोल शिक्का मारला, शाई कमी पडली म्हणून दुसऱ्यांदा मारला.

लालीबाईने कागद घेतला आणि बोट ठेवून, ओठ हलवत, प्रत्येक शब्द वाचला. शेवटी पोचली तेव्हा परत वर गेली.

"याच्यात काहून झालं ते नाही ना लिवलं?"

"नाही."

"कायले नाही लिवलं?"

"मला माहीत नाही काय झालं ते."

लालीबाईने कागदाची घडी केली. मग म्हणाली, "हरिसिंग इचारन, बाई आधी खोटी होती का आता खोटी हाये."

"आधी, म्हणावं."

"नोकरी जाईन तुमची."

"जाईल."

"मंग?"

पुन्हा तोच मंग. तिने कॉम्प्रेसरचा आवाज ऐकला, खाली कोणीतरी कोणाला शिवी दिली, ऐकणाऱ्याने ती उचलून तिसऱ्याला दिली. "चला," भैरवी म्हणाली, "गाडीपाशी सोडते."

स्टँडवर उमरखेडची गाडी लागली होती. लालीबाई पोरीला घेऊन आत चढली, खिडकीजवळ जागा मिळाली. कागद तिने पोलक्यात खोचला होता. तो कागद पाहून हरिसिंग काय म्हणेल, ननंद रविवारी पुसदहून निघेल की नाही, हे भैरवीला कळणार नव्हतं. आकडा बदलता आला होता. घर बदलता आलं नव्हतं. बाकीची बेचाळीस लाल घरं तिच्या सहीने आपापल्या अंगणवाडीत पडलेली होती, आणि त्यात कोण कोणाच्या आडून बोलत होतं, भिंतीच्या, म्हशीच्या, मेलेल्या माणसाच्या, हे तिने दुप्पट वेगाने पुसून टाकलेलं होतं. ते तिला उद्यापासून परत ऐकायचं होतं. उद्या तिला खोलीची किल्ली वापरता आली, तर.

गाडी सुरू झाली, हलली नाही. खिडकीत पोर. अंगठा तोंडात. ती भैरवीकडे नुसतं बघत होती, पत्त्यांकडे बघत होती तसं. भैरवीने हात वर केला, टाटा म्हणण्यासाठी तोंड उघडलं, आणि मिटलं. मग तिने गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा तापलेला होता, थरथरत होता.

"ए गाडी," ती म्हणाली. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. पलीकडचा पेरूवाला वळून बघायला लागला. "ए गाडी, नीट जाय. अन् तो अंगठा काढ तोंडातला. दात वाकडे येतील."

पोरीने अंगठा काढला.

लगेच काढला, ओला, आणि फ्रॉकला पुसला. मग भैरवीच्या हाताखालच्या त्या लाल पत्र्याकडे वाकून, गंभीरपणे, बारीक आवाजात ती म्हणाली, "गाडी, पानी पी."

लालीबाईने एकदम मान वळवली. तिच्या बघण्यात आभार नव्हते. भीती होती, आणि भैरवीचं तोंड पुढे काही बोलतंय का ते ती बघत होती. भैरवीने तोंड मिटूनच पत्र्यावरचा हात काढून घेतला. गाडी निघाली. पर्समध्ये फोन वाजायला लागला, मंदारचं नाव, थांबला, परत वाजायला लागला. तिने तो वाजू दिला. गोंगाट. वगळा.